पाद्रीखिंड, पन्नास मिनिटं

...आणि वर मलाच विचारते, "दमलास का रे, मेल्क?" दमलास का! मला! म्हणजे तुम्हाला सांगतो, माणसाने सहज म्हणून एक पाय दगडावर ठेवला, टोपी काढली, जरा इकडे बघितलं, जरा तिकडे बघितलं, की झाला का लगेच तो दमलेला? मी दमलो नव्हतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून गावात कोणी काही वेगळं बोललं तर माझ्याकडे यायचं नाही. मी फूल बघत होतो! निळं फूल, एवढंसं, दगडाच्या फटीत. आता ते बघायला मला चार मिनिटं लागली, तर लागली! फुलाला काय घड्याळ असतं? पण रेगुलाला असतं ना! मनगटावर एक, गळ्यात एक, आणि ती दोन्ही बंद पडली तर म्हणून पाठीवरच्या पिशवीत तिसरं!

रेगुला कोण ते ठाऊक नाही तुम्हाला? सुखी आहात. रेगुला म्हणजे आमच्या गावच्या गुरुवार मंडळाची प्रमुख. साठी उलटलेले आम्ही सगळे, उन्हाळा लागला की दर गुरुवारी डोंगरात चालायला जातो. ती मूळची झुरिकची. तिकडे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, नवरा गेला, मग आमच्या गावात घर घेतलं... हवा चांगली म्हणून! हवा चांगली होती हो, ही येईपर्यंत. आधी आमचं मंडळ कसं होतं, तर जो पुढे गेला तो पुढे बसून सॉसेज खायचा, जो मागे राहिला तो मागून येऊन सॉसेज खायचा, संपलं. ही आली, पहिल्याच वार्षिक सभेत हात वर. "मंडळाला लेखी नियम आहेत का?" आम्ही म्हटलं, आहे की एक, सॉसेज ज्याचं त्याने आणायचं. पांढरीफटक पडली बाई! पुढच्या सभेला नऊ नियम टाइप करून, वर प्लॅस्टिक चढवून, प्रत्येकाच्या हातात. आणि आम्ही मूर्ख, हात वर करून मंजूर केले. आमच्याकडे कागदावर प्लॅस्टिक चढलं की त्याच्याविरुद्ध बोलायचं धाडस कोणाला होत नाही.

त्यातला सातवा नियम. हा नीट ऐका, सगळं रामायण यातच आहे... म्हणजे तुमचं रामायण, आमचा आपला सातवा नियम. मंडळाचे दोन गट. पहिला गट खरोखरीचा चालणार, दोन खिंडी, तीन तळी, संध्याकाळी परत. दुसरा गट खालच्याच तळ्याभोवती एक फेरी मारणार आणि बाकावर बसून केक खाणार. त्याचं नाव 'निवांत गट'. निवांत! नाव ऐकूनच माणसाचे गुडघे दुखायला लागतात. आणि पहिल्या गटातून निवांत गटात कधी जायचं? तर मधल्या तळ्यापासून पाद्रीखिंडीपर्यंत जो चढ आहे, तो पाटीवर लिहिलेल्या वेळेत चढायचा. पंधरा मिनिटं सवलत. त्याच्यापुढे एक मिनिट जरी गेलं, तर पुढच्या गुरुवारपासून... केक.

आणि पाटीवर काय लिहिलंय? 'पाद्रीखिंड, ५० मिनिटं.'

आता आमच्या देशात कसंय, लोक कर चुकवतील, चर्चला दांडी मारतील, पण डोंगरातल्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली वेळ म्हणजे वेळ. पाटी म्हणाली पन्नास मिनिटं आणि तुम्हाला लागला सव्वा तास, तर चूक पाटीची नाही, चूक तुमच्या पायांची, तुमच्या वयाची, काल रात्री खाल्लेल्या बटाट्याची! कोणी असं म्हणतच नाही, की अहो, पाटीच चुकली असेल. दोन उन्हाळ्यांत सहा जण त्या चढाने खाली पाठवले. सहा! आणि त्यातली एक माझी बायको.

हो, माझी मारिलीस. लग्नाआधी मला वरचं तळं तिने दाखवलं होतं, मी नव्हे! हरणासारखी चढायची. दोन वर्षांपूर्वी त्या चढाला तिला एक तास वीस मिनिटं लागली. रेगुलाने वहीत लिहिलं, मारिलीस आमच्याबरोबर खाली उतरली. घरी आली, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि बूट तळघरात ठेवून दिले. तेव्हापासून दर बुधवारी गाजराचा केक करते, निवांत गटासाठी. आणि मी काय म्हटलं तिला? म्हटलं, "नियम आहे बाई, आपण काय करणार?" असं म्हटलं मी. लाज वाटते, पण म्हटलं.

तर त्या गुरुवारी... जुलै महिना, ऊन असं की टकलावर अंडं तळावं. रोपवेने खालच्या तळ्यापाशी उतरलो. हा रोपवे मी अडतीस वर्षं चालवलाय हां, त्याची प्रत्येक दोरी मला ओळखते. निवांत गट तिथेच थांबला. मारिलीसने केकचा डबा बाकावर ठेवला आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "मेल्क, चारला केक कापणार. तू नसलास तर तुझा तुकडा ऑस्कीला."

"ऑस्की माझ्याबरोबर येतोय."

"ऑस्की येईल वेळेवर," ती म्हणाली. "आणि ऐक, आज फुलं जरा कमी बघ."

बघितलंत? घरचे लोक!

ऑस्की म्हणजे माझा शेजारी, शाळेपासूनचा. गेल्या वर्षी त्याला नवा गुडघा बसवला, धातूचा, तेव्हापासून त्याचा रुबाब वाढलाय. "मेल्क, हा गुडघा कंपनीचा आहे, वीस वर्षांची हमी आहे," म्हणतो. तुझी स्वतःची आहे का रे वीस वर्षांची हमी? त्र्याहत्तर पूर्ण आहे तो! मी चौऱ्याहत्तर. पण मी कुठे वय सांगत फिरतोय?

निघालो. शेळीखिंड चढलो. ती सोपी आहे, गाईसुद्धा चढतात. वर आमची एक रीत आहे, झाडं संपली की 'तुम्ही' बंद. खाली बँकेचा साहेब असो की पाद्री, डोंगरात सगळे अरे-तुरे. म्हणजे जी रेगुला खाली मला "अहो श्रीयुत" म्हणते, ती तिथे वर "ए मेल्क, पाय उचल" म्हणायला मोकळी. रीत कोणी काढली, त्याला एकदा भेटायचंय मला.

आणि दुसरी रीत त्याहून वाईट! समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार. "ग्रुएत्सी!" चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही, पण उतरणाऱ्याला सोपी आहे हो, चढणाऱ्याने काय करायचं? त्याला श्वास एकच असतो, तो आत घ्यायचा की नमस्काराला द्यायचा? शेळीखिंडीच्या तोंडाशी समोरून आली शाळेची सहल. अठ्ठावीस पोरं! एकामागे एक, रांगेत, संस्कार केलेली! "ग्रुएत्सी!" "ग्रुएत्सी!" "ग्रुएत्सी!" आणि उत्तर नाही दिलं तर? पुढून रेगुला लगेच, "मेल्क, बोलवत नाही का रे?" दिली, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उत्तरं दिली! वर त्यांची बाई आली शेवटी, तिला दोनदा दिलं! डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण दिलं. मी दमलो नव्हतो. मी शिष्टाचार पाळत होतो.

तर अकरा वाजता मधल्या तळ्यावर. काय ते तळं... हिरवं, थंडगार, काठाला अजून बर्फाचा तुकडा पडलेला, त्यात खिंड उलटी दिसते. कोणाला बघायला वेळ आहे? रेगुलाने पाटीशी उभं राहून शिट्टी मारली. हो, शिट्टी आहे तिच्याकडे! "अकरा वाजले. पन्नास अधिक पंधरा. बारा पाचपर्यंत वर. निघा!" ऑस्की आणि बाकीचे चौघं असे पळाले, जणू मागे बैल लागलाय. ऑस्कीचा गुडघा टकाटका वाजत होता.

मी आपला माझ्या चालीने. पहिलं वळण, दुसरं वळण. मग बुटाची नाडी. मग एक मार्मोट, म्हणजे आमची बिळात राहणारी जाडजूड डोंगरखार हो, शिट्टी मारत होता, तो कुठे आहे ते बघायला नको? मग देखावा. मग ते निळं फूल, जे मी मघाशी सांगितलं. वाकून बघतोय, बघतोय, छातीत ढोल वाजतोय, आणि शेजारी आणखी एक सावली पडली. बघतो तर रेगुला! तीसुद्धा वाकून. त्याच फुलावर!

आता विचार करा. रेगुलाला फुलाचं काय? ही बाई नेहमी सगळ्यांच्या पुढे असते, मनगट नाकासमोर धरून. मी म्हटलं, "तू इथे काय करतेयस?"

"प्रमुखाने शेवटी राहायचं असतं," ती म्हणाली. "नियम तीन."

"नियम तीन गेल्या गुरुवारी कुठे गेला होता?"

"दमलास का रे, मेल्क?"

"मी? छे! तू?"

"मी? मुळीच नाही! मी पाकळ्या मोजतेय."

पाच पाकळ्या होत्या हो! पाच! सहा वर्षांचं पोर मोजेल. आम्ही दोघं चौऱ्याहत्तर आणि अडुसष्ट वर्षांचे त्या पाच पाकळ्या तीन मिनिटं मोजत होतो, कारण आधी कोणी उठायचं? जो आधी उठेल त्याला चालावं लागणार! शेवटी एकदमच उठलो. दहा पावलं गेलो, तिने दुर्बीण काढली. मी टोपीतला खडा काढला. टोपीत खडा! तिने काही विचारलं नाही. मी तिला काही विचारलं नाही.

बर्फाचा दुसरा तुकडा आहे ना, तिथे मात्र ती बसली. दगडावर, धपकन, पिशवीसकट. आणि मी बघितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी. तुम्हाला सांगतो, माझं सगळं भांडण त्या पाण्यात विरघळलं. रागावलेली बाई परवडली, पण ही... रडणारी रेगुला? हिला रडता येतं हेच मला माहीत नव्हतं!

"फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला होता," ती म्हणाली. "कोणाला सांगितलं नाही. गावात सांगून काय करू? इथे माझं आहे कोण? गुरुवार आहे, तेवढाच. आज बारा पाचला मी वर पोचत नाही, मेल्क. मग मी त्या बाकावर. आज तळ्याकाठचा बाक, पुढच्या वर्षी घरासमोरचा बाक, मग खिडकीतली खुर्ची. माझ्या आईचं असंच झालं."

"मग नियम कशाला केलास बये?" मी ओरडलोच.

"मी त्यात बसेन असं वाटलं होतं," ती म्हणाली. आणि मग तिने ते वाक्य टाकलं. "पाटी कोणीतरी मोजूनच लावली असेल ना? कोणीतरी हा चढ पन्नास मिनिटांत चढला असेल. मग मला का जमू नये?"

आता इथे जरा जवळ या. दार लावून घ्या. हे मी एकतीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

ती पाटी मी लावली.

हो, मी! त्रेचाळीस वर्षांचा होतो, गावच्या वाटा-समितीत होतो. समिती म्हणाली, मेल्क, पाद्रीखिंडीची वेळ मोजून आण. गेलो. चढलो वर. आणि वर पोचल्यावर लक्षात आलं, की निघताना घड्याळ बघायचंच विसरलो! आता परत खाली जाऊन परत वर चढू? मी काय वेडा आहे? म्हटलं, उतरताना मोजू, आणि घरी जाऊन हिशेबाने वाढवू. उतरलो. पन्नास मिनिटं झाली. संध्याकाळी समितीची बैठक, टेबलावर वाइन, अध्यक्षांनी विचारलं, "काय मेल्क, किती लागली?" मी म्हटलं, "पन्नास..." आणि 'उतरताना' हा शब्द ओठांवर होता हो, देवाशप्पथ ओठांवर होता! पण तेवढ्यात सगळं टेबल उठलं. "पन्नास! बहाद्दर आहेस!" ऑस्कीही होता समितीत, त्याने पाठीत अशी थाप मारली की माझा पेला सांडला. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "याचे पाय आहेत की घोड्याचे?" आता तुम्हीच सांगा! आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव माझ्याकडे असं बघतंय. अशा वेळी कोण म्हणणार, "थांबा मंडळी, मी उतरताना मोजलं"? तुम्ही म्हटलं असतं? खोटं बोलू नका!

पाटी रंगवली, ठोकली. पुढे कधी कोणी विचारलं, तर मी म्हणायचो, "मी स्वतः चाललोय." चाललोच होतो ना! दर वसंतात मीच जाऊन ती धुवायचो, अक्षरं परत गिरवायचो. आणि गाव एकतीस वर्षं त्या चढावर धापा टाकत होतं, आणि प्रत्येक जण मनात म्हणत होता, आपणच आता म्हातारे झालो. माझी मारिलीससुद्धा. माझ्या त्या एका न बोललेल्या शब्दापायी तिचे बूट तळघरात गेले, आणि मी गप्प. मी तिथे त्या बर्फाशेजारी उभा होतो, आणि पहिल्यांदा मला माझीच किळस आली.

पण बोललो का? नाही! मी आपलं म्हटलं, "आण ती पिशवी इकडे."

"नियम चार," ती म्हणाली. "पिशवी ज्याची त्याने उचलायची. नाहीतर चढ बाद."

"नियम घाल तळ्यात!"

घेतली. अहो, काय भरलं होतं त्यात? बारा माणसांना पुरेल इतकी मलमपट्टी, दोन लिटर चहा, छत्री, ते तिसरं घड्याळ, आणि नियमांची फाइल, प्लॅस्टिक चढवलेली, वजन एका बोकडाएवढं! माझी एक पाठीवर, तिची एक पोटावर. ती मोकळी झाली तशी चालायला लागली, बरी चालायला लागली. मी मागे. एकदाही थांबलो नाही. फूल बघितलं नाही, नाडी बांधली नाही, देखावा तर गेला खड्ड्यात! शेवटच्या वळणाआधी पिशवी तिच्या पाठीवर चढवली, म्हटलं, "तू हो पुढे, कोणी बघितलं नाही. मी येतोच." ती गेली. मी एका दगडावर बसलो. किती वेळ? चार मिनिटं. का? ...पुढे सांगतो.

खिंडीतल्या झोपडीसमोर बाकं आहेत. तिथे ऑस्की घड्याळ धरून उभा, बाकीचे चौघं टेबलावर पालथे. ते बारा चारला पोचले होते, पण कसे! एकाचा चेहरा जांभळा, एकजण पाण्याच्या हौदात डोकं घालून. रेगुला बारा अडतीसला. मी बारा बेचाळीसला.

रेगुला उभी राहिली. फाइल उघडली. आवाज शाळेचाच. "नियम सात. प्रमुख असो की सभासद. आज दोघं उशिरा पोचले, मेल्क आणि मी. पुढच्या गुरुवारपासून दोघंही निवांत गटात. पहिल्या गटाचं प्रमुखपद ऑस्कीकडे. पाटी म्हणजे पाटी."

बघा! स्वतःचं नाव स्वतः वाचलं. पळवाट शोधली नाही, न्यूमोनिया सांगितला नाही. आणि मी, अडतीस वर्षं या डोंगरावर रोपवे चालवणारा, मी एका झुरिकच्या बाईसमोर शरमेने खाली बघतोय? मी? टेबलावर मूठ आपटली!

"पाटी खोटी आहे!"

"झालं," ऑस्की म्हणाला. "दमला की पाटीवर घसरला."

"खोटी आहे, कारण मी लावलीय! आणि मी ती उतरताना मोजलीय! उतरताना! ऐकलंत? उतरताना, उतरताना, उतरताना!" एकतीस वर्षांचा अडकलेला शब्द होता, एकदा सुटला तर थांबेना.

ऑस्कीचं तोंड उघडं. मग बंद. मग परत उघडं. "मेल्क... मी त्या पाटीपायी ल्युसर्नला जाऊन हृदय तपासून आलो! छातीला वायरी लावून सायकल चालवायला लावली मला! डॉक्टर म्हणाला, तुम्हाला काही झालेलं नाही, आणि मी म्हटलं, मग पाद्रीखिंडीला पन्नास मिनिटं का पुरत नाहीत? एक अख्खा उन्हाळा बिअर सोडली मी, मेल्क! अख्खा उन्हाळा!"

"मग पी आता!" मी म्हटलं. "मी काय तोंड धरलंय तुझं?" कबूल करताना मान खाली घालावी म्हणतात. मला ते जमत नाही. चूक माझी होती, पण आवाजही माझाच होता.

रेगुला मात्र शांत. तिने नकाशा पसरला, पट्टी काढली, पेन्सिल काढली. उंची किती, अंतर किती, भागाकार, बेरीज. त्या बाईला गणित करताना बघायला पाहिजे तुम्ही, चेहऱ्यावर रंग परत आला. "खरी वेळ, एक तास पंचवीस मिनिटं," ती म्हणाली. "सवलत धरून बारा चाळीस. म्हणजे दोन वर्षांत आपण ज्या सहा जणांना खाली पाठवलं, ते सगळे परत पहिल्या गटात. मारिलीससकट. आज मी बारा अडतीस, मीसुद्धा वेळेत." मग ती थांबली. पेन्सिल हवेत तशीच.

मी बारा बेचाळीस.

दोन मिनिटं! अहो, दोन! एकतीस वर्षांची पाटी स्वतःच्या हाताने उखडली, सगळ्यांना वाचवलं, आणि उरला कोण? मीच! एकटा!

रेगुलाने फाइल मिटली. "मंडळी, एक गोष्ट सांगायची आहे," ती म्हणाली. "मेल्कने वाटेत माझी..." आणि मी बघितलं, ही आता खरं बोलणार. पिशवी म्हणणार. नियम चार. तिचा चढ बाद, ती बाकावर, मग खिडकीत. बाई खोटं बोलू शकत नाही हो, तिला तो अवयवच नाही!

"दमलो होतो!" मी ओरडलो.

सगळे माझ्याकडे.

"काय?" ऑस्की म्हणाला.

"दमलो होतो म्हटलं! कानात बोळे आहेत का? खालच्या वळणावर दगडावर बसलो होतो, चार मिनिटं, कारण दमलो होतो! पाय लटपटत होते! चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आहे, दमतो! आहे कोणाचं काही म्हणणं?" आणि रेगुलाकडे असं बघितलं, की तिने तोंड मिटलं. खाली बसली. बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिली, टोक असलेल्या.

परत येताना ती माझ्या शेजारून चालत होती. झाडं लागली, म्हणजे आता 'तुम्ही' चालू व्हायला पाहिजे. ती म्हणाली, "मेल्क, तू ओल्या दगडांवरून जपून." अजून 'तू'च! तिच्या लक्षात आलं नसेल म्हणा. किंवा आलं असेल.

खाली बाकापाशी पोचलो, तर ऑस्की आधीच पोचला होता आणि ओकून झालं होतं त्याचं सगळं. उतरताना मोजली, हे मारिलीसला माझ्या आधी ऑस्कीने सांगितलं! शेजारी असतो कशाला माणसाला? ती केक कापत होती. माझा तुकडा कापला, ताटलीत ठेवला, आणि ऑस्कीला दिला.

"दोन वर्षं," ती म्हणाली. एवढंच. मग थोड्या वेळाने, "दोन वर्षं मी गाजरं किसली, मेल्क."

"चुकलो," मी म्हटलं. आणि खरंच सांगतो, याच्यापुढे मला एक शब्द सुचला नाही. मला! घरी गेल्यावर तळघरात गेलो, तिचे बूट काढले, बोळे काढले, ग्रीस लावलं, नाड्या नव्या घातल्या. ती दारात उभी राहून बघत होती. "डावा जरा जास्त चोळ," म्हणाली. म्हणजे बोलली तरी.

पुढच्या गुरुवारी सगळे वर. सहाच्या सहा जण, मारिलीस सगळ्यांच्या पुढे. आणि निवांत गटात मी. एकटा. म्हटलं, गट बरखास्त करा! तर रेगुला म्हणते, बरखास्ती फक्त वार्षिक सभेत, मार्चमध्ये. तोपर्यंत गट आहे. गट आहे म्हणजे प्रमुख पाहिजे, तो मी. चिटणीस पाहिजे, तोही मीच. आणि नियम आठ, निवांत गटाच्या प्रमुखाने केक आणायचा. मी तळ्याभोवती फिरलो, बाकावर बसलो, अहवाल लिहिला, हजेरी घेतली, सगळे हजर होते.

संध्याकाळी मारिलीस उतरली. चेहरा उन्हाने लाल, केस विस्कटलेले, वीस वर्षांनी लहान दिसत होती बाई. वरच्या तळ्यात पाय बुडवून आली होती. मला राहवेना. म्हटलं, "काय गं, पाद्रीखिंडीला किती लागली?"

"काय किती लागली?"

"वेळ! किती मिनिटं?"

"कोणाला माहीत," ती म्हणाली. "घड्याळ नेलंच नव्हतं मी."

ऐकलंत? एकतीस वर्षं मी त्या पन्नास मिनिटांचं ओझं पाठीवर घेऊन फिरलो, आणि ही बाई घड्याळ न घेता जाऊन आली, वर खुशीत आहे! बोलणार काय आता?... जाऊ दे. चला, निघतो मी. उद्या बुधवार, गाजरं किसायची आहेत. आमच्या गटात दुसरं कोणी नाही करायला.